गाडीचे तोंड कुणीकडे?

शीळफाट्याला कधी उतरलात तर एक गोष्ट करून पाहा. रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि शेजारच्या माणसांना विचारा, "गाडी कुठे जाते?" चार माणसे चार उत्तरे देतील आणि चारही बरोबर असतील. कारण इथून एक रस्ता मुंब्र्यावरून ठाण्याला जातो, एक तळोज्यावरून पनवेलला, एक डोंगर ओलांडून महाप्याला आणि एक कटाई, मानपाड्यावरून डोंबिवली-कल्याणला. त्यातून शीळफाटा आणि कल्याणफाटा ही दोन नावे अगदी लगोलग, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ हमखास ठरलेला.

माझी आई या फाट्यावर आयुष्यात दोनदा चुकली. पहिल्यांदा तिला वाचता येत नव्हते म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिला वाचता येऊ लागले होते म्हणून! तिला जाऊन आता दोन वर्षे झाली. घरात तिची आठवण निघाली की आम्ही भावंडे आधी हसतो आणि मग गप्प होतो. आज त्या दोन चुकांची गोष्ट वाचकांना सांगावी म्हणून लिहायला बसलो आहे.

आमची खोली शीळ गावाच्या अंगाला, फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीवर दोन तसबिरी, एक तथागतांची आणि एक बाबासाहेबांची. तेव्हा आजूबाजूला भाताची शेती होती. पावसाळ्यात बेडकांचा आवाज आणि घाट चढणाऱ्या ट्रकचा आवाज एकमेकांत मिसळून जात. वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला. त्यांना आम्ही 'दादा' म्हणायचो. याचेही कारण आईच. ताई लहानपणी वडिलांना 'बाबा' म्हणू लागली, तेव्हा आईने तिला तसबिरीसमोर उभे केले आणि सांगितले, "ह्या घरात बाबा एकच. तुझा बाप दादा." वडील बिचारे कोपऱ्यात बिडी शिलगावत होते. ते म्हणाले, "मला काय, भाकर मिळाली म्हंजे झालं." त्या दिवसापासून ते आमचे दादा झाले.

आईचे माहेर मुरबाड तालुक्यातले. याचा तिला फार अभिमान. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई याही मुरबाडकडच्याच. मुरबाड तालुक्यातील आंबेटेंभे हे त्यांचे माहेर, म्हणजे बाबासाहेबांचे आजोळ. आईचे गाव तिथून बरेच लांब होते. पण आईच्या हिशेबात तालुका एक म्हणजे नाते एक. सासरच्या माणसांशी वाद झाला की ती पदर खोचून म्हणायची, "मी भीमाबाईच्या माहेरची हाय, सांगून ठेवते." या वाक्यापुढे आमच्या आत्याचेसुद्धा काही चालत नसे.

आता पहिली चूक सांगतो. मामाला मुलगा झाला आणि नामकरण विधीचे बोलावणे आले. दादांना सुट्टी नव्हती. आई म्हणाली, "मी जाते एकटी. त्यात काय! फाट्यावर गाडीत बसायचं, कल्याणला उतरायचं, तिथनं मुरबाडची गाडी." कडेवर मी, हाताशी ताई, डोक्यावर गाठोडे आणि काखेतल्या पिशवीत बाळंतिणीसाठी एक जिवंत कोंबडी. तिचे डोके पिशवीबाहेर.

आई नेहमी गाडीच्या तासभर आधी फाट्यावर जाऊन उभी राहायची. "गाडी आपली वाट बघत नाय, आपणच गाडीची बघायची," हे तिचे शास्त्र. त्या दिवशी लाल गाडी आली, लोक धावले, आईही धावली. ड्रायव्हर ओळखीचा वाटला म्हणून आम्ही चढलो. खरे तर त्याच्या मिशा तेवढ्या ओळखीच्या होत्या.

कंडक्टर आला. त्याने आधी कोंबडीकडे पाहिले.

"बाई, हिचं तिकीट?"

"पाच वरसांच्या आतल्याला तिकीट नाय ना, मास्तर?"

"नाही."

"मंग हिला अजून एक पावसाळाबी नाय झाला."

सारी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि त्या हसण्यात आम्ही कुठे चाललो हे विचारायचे राहून गेले. गर्दी फार होती, तो पुढे गेला. परत आला तेव्हा आईने ऐटीत सांगितले, "कल्याण." तो म्हणाला, "अहो बाई, ही पनवेलला चालली. तळोजा आलं." आईने बाहेर पाहिले. मग माझ्याकडे, मग कोंबडीकडे पाहिले. आणि ठामपणे म्हणाली, "मी नाय चुकले. गाडी चुकली."

गाडी चुकली, म्हणजे आपल्याला गाडी मिळाली नाही, असे सगळी दुनिया समजते. आमच्या घरात मात्र त्याचा अर्थ गाडीनेच रस्ता चुकवला असा झाला. पुढे ताई परीक्षेत गणितात नापास झाली तेव्हा दादांनी विचारले, "काय झालं गं?" ताई म्हणाली, "गाडी चुकली." दादांनी उगारलेला हात तसाच खाली आला.

पण खरी गोष्ट त्या रात्री घडली. उलट्या गाडीने आम्ही फाट्यावर परत आलो तेव्हा अंधार पडला होता. नामकरण हुकले. घरी आल्यावर आई बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. दादा चेष्टा करायला गेले तर तिने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग म्हणाली, "गाडीवर पाटी व्हती. सगळे वाचून बसले. मी मिशा बघून बसले." तिच्या डोळ्यांत पाणी होते. आईला आपल्यावर हसताना मी हजार वेळा पाहिले आहे, आपल्यासाठी रडताना त्या एकाच रात्री पाहिले.

पुढे गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, तसा आमच्या वस्तीतल्या विहारातही संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. वस्तीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी शिकवायची. आई पहिल्याच दिवशी गेली. जाताना माझी पाटी घेऊन गेली. "तू उद्या वहीवर लिही. मला आज पाटी पाहिजे," म्हणाली. वर्गात 'कमळ', 'बदक' शिकवायचे. आईला ते पटेना. ती त्या मुलीला म्हणाली, "बाई, बदकाला घेऊन मी कुठं जाऊ? मला शीळफाटा शिकव."

आणि आई शीळफाटा शिकली! त्या शब्दातला 'ळ' तिला महिनाभर छळत होता. "ह्यो काय सरळ हाय का? दोन्हीकडनं गुंडाळलेला," म्हणायची. पण एकदा तो ळ वळणावर आला आणि मग आईला कुणी थांबवू शकले नाही. पुढची शाळा तिने एसटीतच भरवली. फाट्यावरून कल्याणकडे निघालो की खिडकीची जागा तिची. पडले, खिडकाळी, देसई, कटाई, निळजे, मानपाडा, सोनारपाडा, एकेक पाटी ती मोठ्याने वाचायची. "क... टा... ई. कटाई! आलं बघ." अख्ख्या गाडीला फुकट शिकवणी. 'खिडकाळी' आले की ती न चुकता खिडकीवर थाप मारून म्हणायची, "ही आपली!" एकदा ड्रायव्हरने गाडी जोरात हाणली तर ही मागून ओरडली, "ओ भाऊ, जरा सावकाश. माझं अक्षर मागं ऱ्हायलं!" त्या माणसाने खरेच वेग कमी केला. आजही त्या रस्त्याने जाताना माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकीशी बसलेली दिसते, पदर डोक्यावर आणि बोट काचेवर.

कल्याणचा जुना पत्रीपूल आला की तिची शाळा सुटायची. तो पूल २०१८ साली पाडला आणि २०२१ साली त्या जागी नवा झाला. त्यावरून पहिल्यांदा जाताना आई म्हणाली, "पूल नवा झाला, पन नाव पत्रीच ऱ्हायलं. माणसाचंबी असंच असतंय, कितीबी बदललं तरी लोक जुन्याच नावानं हाक मारतात." या बोलण्यामागचे दुःख ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

आता दुसरी चूक. वाचता येऊ लागल्यावर आईचा रुबाब वाढला. फाट्यावर उभ्या असलेल्या बायकांना ती न विचारता गाड्या सांगू लागली. एकदा मामाच्या घरी लग्न निघाले. आई, ताई आणि मी फाट्यावर. गाडी आली. आईने पाटी वाचली, "कल्याण!" आणि आम्हाला ढकलून आत चढवले. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही हात देऊन वर घेतले. गाडी निघाली. थोड्या वेळाने आई खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "कटाई कसं येईना?"

येणार कसे! पाटीवर 'कल्याण-पनवेल' असे लिहिलेले होते आणि गाडी कल्याणहून येऊन पनवेलला चालली होती. आईने अर्धी पाटी वाचली होती, ती अगदी बिनचूक. पुन्हा तेच तळोजे आणि पुन्हा तोच प्रकार. या वेळी तर बरोबर दोन म्हाताऱ्या. त्यातली एक आईला म्हणाली, "बाय, तू न शिकलेलीच बरी व्हतीस गं." यावर आई इतकी हसली, की तिला तळोज्याच्या थांब्यावर खालीच बसावे लागले. हसता हसता ती आम्हाला म्हणाली, "पोरांनो, एक ध्यानात ठेवा. नुसती पाटी वाचून भागत नाय. गाडीचं तोंड कुणीकडं हाय, तेबी बघावं लागतं."

वाचकहो, मी पुढे शिकलो, नोकरीला लागलो, चार सभा-संमेलने ऐकली. पण या वाक्याच्या तोडीचा उपदेश मला अजून मिळालेला नाही. आईने ते आयुष्यभर वापरले.

मी बारावीला असताना फाट्यावरच्या एका भंगाराच्या गोदामात हिशेबाचे काम मिळत होते. पगार दादांच्या पगाराएवढा. मी खुशीत घरी सांगितले. आईने तांदूळ निवडता निवडता विचारले, "पगाराची पाटी झ्याक हाय रे. पन तोंड कुणीकडं?" मी म्हणालो, "म्हणजे?" ती म्हणाली, "दहा वरसांनी ती गाडी तुला कुठं उतरवंल?" मी उत्तर शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो.

ताईला स्थळ आले. मुलगा पदवीधर, दिसायला नीटस, घरात मोठी तसबीर. बैठकीत पंचशील म्हणून झाले आणि मुलाच्या काकांनी हळूच मोटारसायकलचा विषय काढला. आई उठली, पाणी देऊन आली आणि हात जोडून म्हणाली, "पाटी तुमची चांगली हाय, भाऊ. पन तोंड हुंड्याकडं हाय. आमच्या पोरीला तिकडं जायचं नाय." आणि निवडणुकीच्या दिवसांत निळे झेंडे लावलेल्या जीपगाड्या वस्तीत आल्या, की बायका भराभर चढायच्या. आई मात्र आधी पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारायची, "झेंडा दिसला रे. तोंड कुणीकडं?" एकदोघे पुढारी तिच्यावर रागावले. पुढे त्यांचेच तोंड दुसरीकडे वळले, तेव्हा सगळ्या वस्तीला आईचे म्हणणे पटले.

आईची आणखी एक ओळख फाट्यावर होती, ती म्हणजे पाण्याचा कॅन. पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन आणि त्याला दोरीने बांधलेला ॲल्युमिनियमचा पेला. फाट्यावर सावली नव्हती. गाडीची वाट पाहणाऱ्यांत लेकुरवाळ्या बाया असत, मजूर असत, कधी कॉलेजातली मुले असत. आई कॅन घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. कोण, कुठले, काही विचारायचे नाही. "पाणी पाहिजे का?" एवढेच. आम्हाला लाज वाटायची. एकदा मी चिडून म्हणालो, "आई, आपण प्रवासाला निघालोय की पाणपोई घालायला?" त्यावर तिने विहारात ऐकलेली गोष्ट मला सांगितली.

ती गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १९०१ साली छोटा भीमराव घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. न्यायला कुणी आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालायचे या बोलीवर. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही, म्हणून पोरे उपाशीच झोपली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. आई म्हणाली, "आई नव्हती रे त्या पोरांना. असती तर कॅन दिला नसता का बरुबर?" १९०१ साली प्लॅस्टिकचा कॅन कुठून येणार, हे मी तिला सांगितले नाही.

त्याच आठवणींत आणखी एक गोष्ट आहे. आई गेलेली, आत्या पायांनी अधू. मुलांना शाळा सांभाळून स्वयंपाक करावा लागे. भाकरी करता येत नसे, म्हणून ती तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून त्यावर दिवस काढत. हे ऐकले त्याच दिवशी आईने मला परातीपुढे बसवले. "तुलाबी भाकर आली पाहिजे. मी काय जलमाला पुरनार हाय?" मुलगा भाकरी थापतो म्हणून शेजारच्या बायका दारात येऊन हसायच्या. माझी पहिली तांदळाची भाकरी जुन्या ठाणे जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, माझ्या भाकरीत तो तेव्हाच तुटून पडला होता. आईने ती भाकरी दादांच्या ताटात वाढली आणि दरडावून सांगितले, "नाव ठेवायचं नाय." आज माझी बायको नोकरी करते आणि घरात भाकरी मी थापतो. याचे श्रेय आईला आणि त्या साताऱ्याच्या पोरक्या मुलांना.

त्या कॅनचा विनोद एका रात्री संपला. ४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी शीळ-डायघर भागात बांधकाम चालू असलेली एक बेकायदा सातमजली इमारत कोसळली. बांधकाम पुरे झालेले नसतानाही तिच्यात कुटुंबे राहत होती, मजूर राहत होते. ७४ माणसे गेली, त्यांत लहान लेकरे होती. आई त्या रात्री कॅन घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. किती खेपा केल्या ते तिलाही सांगता येईना. ढिगारा उपसणाऱ्या माणसांना तिने पाणी दिले. आल्यावर तिने कॅन स्वच्छ धुतला, उपडा घातला आणि म्हणाली, "इमारतीला पाटी चांगली लावली असंल रे. आत कोन बघतंय!" नंतर बरेच दिवस ती फाट्यावर गेली नाही.

आई गेली ती साधीच, चार दिवसांच्या तापाने. कालकथित झालेल्या माणसाविषयी पुण्यानुमोदनाला चांगले बोलायची रीत असते. विहारात दोघे-तिघे तसे बोलले. आई त्यागमूर्ती होती, कष्टाळू होती, धम्मनिष्ठ होती. सगळे खरे होते, पण ऐकताना मला आपली आई त्यात दिसेना. मग मला उभे केले. मी कोंबडीच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. क्षणभर सगळे स्तब्ध झाले. मग मागच्या रांगेतून, तळोज्याला फसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक, जी अजून आहे ती, खुदकन हसली आणि सगळा विहार हसू लागला. भन्तेजींनाही हसू आवरेना. त्या हसण्यात मला माझी आई सापडली.

पुढच्या महिन्यात ताई आणि मी आंबेटेंभ्याला गेलो. आईला तिथे एकदा जायचे होते. दर वर्षी मुरबाडला जाऊनही जमले नव्हते. माहेर गाठायची घाई, परतीच्या गाडीची घाई. आम्ही फाट्यावरूनच निघालो. कल्याणला गाडी बदलली. शहाड, वरप, कांबा मागे पडले. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी दिसली. गोवेली गेले आणि मुरबाड आले. ताईने कॅन बरोबर घेतला होता. मी या वेळी काही बोललो नाही.

गावात आम्ही एका झाडाखाली बसलो. ताईने मला विचारले, "दादू, भीमाबाई कशाला हसत असतील रे?" मला उत्तर देता येईना. त्यांच्याविषयी जे वाचले होते ते आठवून पाहिले. मुरबाडकर घराणे लष्करी पेशाचे. भीमाबाईंचे वडील आणि सहा चुलते असे सगळे सुभेदार-मेजर होते, असे चरित्रात लिहिलेले आहे. रामजी सुभेदारांशी त्यांचे लग्न झाले. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य, जन्म १४ एप्रिल १८९१, महू. १८९६ साली साताऱ्यात भीमाबाई वारल्या. त्यांची समाधी साताऱ्याला आहे. तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचा. म्हणजे पुरुषांचे हुद्दे कळतात, जन्म-मृत्यूची साले कळतात. पण ही बाई कशाला हसायची, पोराला कोणत्या नावाने दटवायची, बैलगाडीत बसताना शिदोरीत काय बांधायची, हे मी वाचले त्यात कुठेही नव्हते. पाच वर्षांच्या पोराला तरी किती आठवणार!

ताई म्हणाली, "म्हणजे आपण नशीबवान. आपल्याला आपल्या आईची कोंबडी तरी आठवते." कॅनमधले पाणी आम्ही दोघे प्यालो, उरलेले त्या झाडाला घातले आणि निघालो.

परतताना शीळफाट्याला उतरलो तर ओळखू येऊ नये असा फाटा. डोक्यावर उड्डाणपूल. भाताच्या शेतांच्या जागी टॉवर. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून २१ किलोमीटर जमिनीखालून येणार, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, आणि बोगद्यातून डोके बाहेर काढणार ते आमच्या शीळफाट्याला! सप्टेंबर २०२५ मध्ये घणसोली ते शीळफाटा हा सुमारे ५ किलोमीटरचा भाग आरपार झाला. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आले, आई असती तर तिने एकच प्रश्न विचारला असता, "ती गाडी आपल्या फाट्यावर थांबती का?" नाही, आई. तिचे ठाण्याचे स्टेशन दिव्याच्या बाजूला होणार आहे. फाट्यावर ती नुसती दिसेल. यावर आई काय म्हणाली असती तेही मला ठाऊक आहे: "मंग आपल्याला काय तिचं! पन तोंड तरी कळलं."

सुधारणा व्हायला हव्यात, रस्ते व्हायला हवेत, याबद्दल तक्रार नाही. पण गाडीची वाट पाहणाऱ्या बाईला सावली आणि पेलाभर पाणी अजूनही फाट्यावर सहज मिळत नाही. म्हणून ताई आणि मी दर रविवारी आळीपाळीने तो कॅन घेऊन तासभर उभे राहतो. फार मोठे काम नाही. मागच्या महिन्यात एका आजीबाईंनी पाणी पिऊन विचारले, "बाळा, ही कल्याणला जाती का?" मी पाटी वाचली. 'कल्याण' होते. मग वाकून गाडीचे तोंड पाहिले आणि सांगितले, "नाही आजी, ही तिकडून आली. तुमची समोरच्या बाजूला लागेल." त्यांना रस्ता ओलांडून दिला.

वाचकहो, एक विनंती करून थांबतो. आपल्या आया-आज्यांनी शेण उचलले, ओझी वाहिली, मोर्चे काढले, आपल्याला शिकवले. त्यांचा त्याग आपण भाषणात सांगतो आणि सांगायलाच हवा. पण त्यांचे हसणे आपण लिहून ठेवत नाही. आई आपल्यात असेल तर आज रात्री जेवताना तिला एक प्रश्न विचारा, "आई, तू सगळ्यात जास्त कधी हसली होतीस?" ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा, व्याकरण दुरुस्त करू नका. आई गेली असेल तर भावंडांनी एकत्र बसून लिहा. भीमाबाईंसाठी ते करायला कुणी उरले नाही. आपल्या आईसाठी आपण आहोत.

जयभीम!